प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पेपर वाट्याला आलाय? शिकवण्याचं साहित्य असं जमवा

कोल्हापूरकडच्या कॉलेजांत जूनमध्ये वर्कलोडचा कागद हातात येतो आणि त्यात एक ओळ असते: ‘इंट्रोडक्शन टू प्रोजेक्ट मॅनेजमेंट’. बीबीए असो, बीकॉम असो की इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, हा पेपर बहुतेक वेळा ज्याचा मूळ विषय वेगळाच आहे अशा माणसाच्या गळ्यात पडतो. मार्केटिंगवाल्याच्या, अकौंट्सवाल्याच्या, मेकॅनिकलवाल्याच्या. मग पेन ड्राइव्हवर कुणाकुणाच्या पीपीटी जमतात. त्यांतली निम्मी एकाच पुस्तकावरून उतरवलेली असते आणि सगळ्यांत पहिली स्लाइड तीच: ‘प्रोजेक्ट म्हणजे काय? व्याख्या व वैशिष्ट्ये’.

खरं तर या विषयाच्या साहित्याला तोटा नाही. पद्धत शिकवणारं चांगलं साहित्य जगभरातून फुकट मिळतं. मिळत नाही ते आपल्या वर्गातल्या पोरांना ओळखीचं वाटेल असं उदाहरण, आणि ते कोल्हापुरातच पडलेलं आहे. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: पद्धत बाहेरून घ्या, माल गावातला वापरा. पुढचा सगळा लेख याच क्रमाने जातो.

१. डाउनलोड नंतर, आधी तासांचा हिशेब

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. चार क्रेडिटच्या पेपरला कागदावर ६० तास दिसतात. त्यातून गणपती, इंटर्नल, युथ फेस्टिव्हल आणि पंचगंगेला पाणी आलं की शिरोळ-करवीरकडची गैरहजर मुलं वजा करा. ४५ तास हातात राहिले तरी पुष्कळ.

आता सिलॅबस शेवटाकडून वाचा. सेमिस्टर संपताना मुलाच्या हातात काय काय तयार असायला हवं ते आधी ठरवायचं. पायाभूत पेपरसाठी माझी यादी अशी: एका पानाचा प्रोजेक्ट चार्टर (काम काय आणि कशासाठी), वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर (कामाचे छोटे तुकडे पाडलेली मांडणी), क्रिटिकल पाथ (कामांची सगळ्यांत लांब वाट, जिच्यावर शेवटची तारीख ठरते) काढलेलं नेटवर्क, बजेटचा तक्ता आणि रिस्क रजिस्टर (संभाव्य अडचणी आणि त्यांवरच्या उपायांची नोंद). एवढं ज्याला स्वतःच्या हाताने करता आलं, त्याला परीक्षेतले थिअरीचे प्रश्न जड जात नाहीत.

मग एक तक्ता करा. डावीकडे सिलॅबसमधले मुद्दे, समोर तीन रकाने: वाचायला काय, उदाहरण कोणतं, सरावाला काय. हातात आहे ते भरा. जे रकाने रिकामे राहतील तीच तुमची शोधायची यादी, त्यापलीकडचं काही डाउनलोड करू नका. पहिल्याच फेरीत लक्षात येईल की ‘वाचायला काय’ हा रकाना भराभर भरतो आणि ‘उदाहरण’ जवळजवळ रिकामा राहतो.

एक सूचना इथेच. बऱ्याच सिलॅबसमध्ये पहिलं युनिट व्याख्या, महत्त्व, इतिहास यांचं असतं आणि त्याला बाकीच्या युनिटइतकेच तास दिलेले असतात. ते चार तासांत संपवा. वाचलेले तास शेड्यूलिंगला आणि रिस्कला द्या, कारण मुलं तिथेच अडतात.

२. पुस्तक एकच धरा

पहिल्यांदा शिकवणारे हमखास पीएमबॉक गाइडकडे धावतात. ते अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचं मानक आहे, शिकवायचं पुस्तक नव्हे. त्यात आणखी एक घोळ आहे. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ५ प्रोसेस ग्रुप, १० नॉलेज एरिया आणि ४९ प्रक्रिया होत्या. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने ती मांडणी बाजूला ठेवून १२ तत्त्वं आणि ८ परफॉर्मन्स डोमेन आणली. सिलॅबस मात्र अजूनही दहा नॉलेज एरिया धरून लिहिलेले सापडतात. आपल्या पेपरमध्ये कोणती मांडणी आहे ते आधी पाहा आणि वर्गात तीच ठेवा. दोन्ही एकत्र केल्या तर मुलांच्या उत्तरपत्रिकेत खिचडी होते.

पदवीच्या मुलांसाठी फुकट आणि कायदेशीर असं पुस्तक हवं असेल तर कॅनडातल्या बीसीकॅम्पसने २०१४ मध्ये काढलेली एड्रिएन वॉट यांच्या ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ची दुसरी आवृत्ती घ्या. प्रकरणं छोटी आहेत, इंग्रजी सोपं आहे आणि त्याचं लायसन्स ‘क्रिएटिव्ह कॉमन्स बाय’ आहे. म्हणजे मूळ लेखकाचं नाव देऊन त्यातला भाग कापता येतो, त्यात भर घालता येते, मराठीत करून वाटताही येतो. उणीव दोन ठिकाणी जाणवेल. उदाहरणं तिकडची आहेत आणि गणितं कमी आहेत.

गणितांची सोय कॉलेजच्या कपाटातच असते. ऑपरेशन्स रिसर्चचं कोणतंही जुनं पुस्तक काढा, त्यात सीपीएम-पर्टचं (क्रिटिकल पाथ काढायच्या आणि दिवसांचा अंदाज बांधायच्या पद्धतींचं) प्रकरण सोडवलेल्या उदाहरणांसह असतंच. प्रकल्पाची आर्थिक तपासणी, नेट प्रेझेंट व्हॅल्यू, बँक प्रकल्प अहवालात काय पाहते, हा भाग सिलॅबसमध्ये असेल तर प्रसन्न चंद्र यांचं ‘प्रोजेक्ट्स’ भारतीय संदर्भासह मदतीला येतं. पदवीच्या मुलाला ते आख्खं झेपणार नाही. शिक्षकाने वाचावं आणि मुलांना दोन-चार पानांचं टिपण करून द्यावं.

ग्रंथपालांना भेटताना ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंटची पुस्तकं आहेत का’ एवढंच विचारून परत फिरू नका. कॉलेजची एन-लिस्टची नोंदणी असेल तर स्वतःचा लॉगिन मागून घ्या, घरबसल्या ई-पुस्तकं आणि जर्नल उघडतात. शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय एक दुपार काढून पालथं घालण्यासारखं आहे. व्यवस्थापनाच्या कपाटाबरोबर सिव्हिल आणि कॉम्प्युटरचंही बघा, कारण या विषयाची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरलेली असतात.

झेरॉक्सबद्दल धाकधूक असते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सूट आहे, आणि दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कोर्स पॅकसाठी या सूटीचा अर्थ बराच मोकळा लावला. याचा अर्थ आख्खं पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावं असा नाही. लागतील तेवढी प्रकरणं, आपल्या वर्गापुरती, असा बेत ठेवा.

३. व्हिडिओ: आख्खा कोर्स लावू नका

एनपीटेल आणि ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे प्रोजेक्ट मॅनेजमेंटवरचे कोर्स आहेत. आशय भक्कम, पण पातळी बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर. अर्ध्या तासाचं लेक्चर प्रोजेक्टरवर लावलं की दहाव्या मिनिटाला मागचे बाक झोपतात. तुम्ही स्वतः पाहा आणि फॉरवर्ड पास-बॅकवर्ड पाससारखा (प्रत्येक कामाच्या लवकरात लवकरच्या आणि उशिरात उशिराच्या तारखा काढण्याचा) एखादा तुकडा कुठून कुठपर्यंत लावायचा ती मिनिटं टिपून ठेवा. ई-पीजी पाठशालेचे लेखी मॉड्यूल शिक्षकाच्या तयारीला चांगले. एमआयटी ओपनकोर्सवेअरवर सिव्हिलच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कोर्सच्या नोट्स आणि असाइनमेंट आहेत. असाइनमेंट तशाच्या तशा देण्यापेक्षा प्रश्न कसे घातलेत ते बघण्यासाठी उघडा. सेलर अकॅडमीचा फुकट कोर्स त्या मानाने पदवीच्या मुलांना जवळचा.

४. उदाहरणांचा रकाना कोल्हापूरने भरा

इथे मात्र घाई करू नका. पाठ्यपुस्तकात डेन्व्हरचा विमानतळ आणि सिडनीचं ऑपेरा हाउस असतं. मुलं वाचतात, परीक्षेत लिहितात, विसरतात. त्याऐवजी काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाइपलाइन घ्या. सुमारे ५३ किलोमीटरची योजना, २०१३ मध्ये मंजुरी आणि शहरात पाणी २०२३ च्या दिवाळीत. वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी यावर बोलणं झालेलं असतं. परवानग्या, पाइप टाकायच्या जागा, जॅकवेल, पावसाळ्यात थांबणारं काम, पाणी आल्यानंतरही येत राहिलेल्या गळतीच्या बातम्या: स्कोप (कामाची व्याप्ती), शेड्यूल, रिस्क आणि प्रोजेक्ट संपून देखभाल सुरू होते म्हणजे काय, हे सगळं या एका योजनेत दाखवता येतं. मूळ अंदाजपत्रक, मूळ मुदत आणि प्रत्येक मुदतवाढीचं कारण जुन्या वर्तमानपत्रांतून मुलांनीच शोधायचं. तीन गटांनी शोधलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा ‘बेसलाइन (ज्याच्याशी पुढची तुलना करायची तो मूळ आराखडा) म्हणजे काय’ यावर आपोआप चर्चा होते.

स्टेकहोल्डर (प्रोजेक्टशी ज्यांचा संबंध येतो ती माणसं) शिकवायला टोलच्या आंदोलनाइतकं उदाहरण दुसरीकडे मिळणं अवघड. खासगीकरणातून शहरातले रस्ते झाले, टोल बसला, शहर रस्त्यावर उतरलं आणि शेवटी टोल रद्द झाला. आताची मुलं तेव्हा लहान होती, पण त्यांचे वडील-काका मोर्चात असतात. पॉवर-इंटरेस्ट ग्रिड (कुणाची ताकद किती, कुणाला रस किती, अशा चार चौकटी) फळ्यावर काढा आणि सुरुवातीला नागरिकांना कोणत्या चौकटीत धरलं गेलं असेल, ते शेवटी कोणत्या चौकटीत होते, हे मुलांना मांडू द्या. कुणाची बाजू बरोबर हा वाद रंगेल. तो दहा मिनिटांत थांबवायची जबाबदारी तुमची.

पंचगंगेवरचा पर्यायी शिवाजी पूल ब्रह्मपुरी टेकडीमुळे पुरातत्त्व कायद्याच्या परवानगीत अडकला होता. बांधकाम बरंच पुढे गेलेलं आणि एक परवानगी राहिलेली. बाह्य अवलंबित्व हा मुद्दा एरवी कोरडा असतो, इथे तो नदीच्या काठावर उभं राहून दाखवता येतो. केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ चं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. त्याच्या पुनर्उभारणीचा चार्टर लिहा म्हटलं की ‘होतं तसंच बांधायचं की सोयी वाढवायच्या’ हा स्कोपचा खरा प्रश्न मुलांसमोर येतो. आणि राधानगरी धरण आहेच. शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालं, महाराज १९२२ मध्ये गेले, धरण त्यानंतर कित्येक वर्षांनी पूर्ण झालं. पैसा थांबला की प्रोजेक्टचं काय होतं, यासाठी ते घ्या.

या गोष्टी बातम्यांतून येतात. पण वर्गात मूळ कागद नेल्याशिवाय मजा नाही, आणि कागद मिळतात. तीन जागा सांगतो.

पहिली, महाटेंडर्स हे राज्य सरकारचं निविदांचं पोर्टल. तिथून आपल्या जिल्ह्यातली एखादी छोटी निविदा घ्या: शाळेच्या दोन खोल्या, समाजमंदिर, गटार. कोट्यवधीच्या हायवेची घेऊ नका, मुलं कागदांतच बुडतात. निविदेत कामाचं वर्णन, परिमाणांचा तक्ता, पूर्ण करायची मुदत, उशिराचा दंड, दोषदायित्वाचा कालावधी असं सगळं असतं. व्यायाम एकच द्यायचा: परिमाणांचा तक्ता वाचून वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर काढा. खोदाई, पाया, जोते, भिंती, स्लॅब, प्लास्टर. ज्याच्या गल्लीत घर बांधलं गेलंय त्याला हे लगेच जमतं. आणि मग कुणीतरी विचारतं, ‘सर, स्लॅबचं क्युरिंग यात कुठे लिहिलंच नाही?’ तक्त्यात क्युरिंगचा वेगळा दर नसतो, पण शेड्यूलमध्ये त्याला दिवस लागतातच. खर्चाची यादी आणि कामांची यादी वेगळी का, हे त्या एका प्रश्नात मुलांना समजतं.

दुसरी जागा महारेरा. १ मे २०१७ पासून सुरू झालेल्या या नियामकाच्या संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या प्रत्येक गृहप्रकल्पाची माहिती कुणालाही पाहता येते. कोल्हापूर जिल्हा निवडा, प्रत्येक गटाला तीन प्रकल्प द्या. आधी दिलेली पूर्णत्वाची तारीख, सुधारित तारीख आणि कामाची टक्केवारी एका तक्त्यात भरायची. निष्कर्ष काढताना मुलांना लगाम घाला. ‘बिल्डर लबाड’ हे उत्तर चालणार नाही, कारण शोधायचं. उदाहरणार्थ, कोविडमुळे २०२० मध्ये महारेराने चालू प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती, त्यामुळे त्या काळातल्या तारखा त्या नजरेने वाचाव्या लागतात.

तिसरी, केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचे अहवाल. १५० कोटी रुपये आणि त्यापुढच्या केंद्रीय पायाभूत प्रकल्पांना किती उशीर झाला, खर्च किती वाढला, याची माहिती त्यांत असते. एकदाच वापरा, एका तासापुरती. आपलीच पाइपलाइन रखडली असं समजणाऱ्या मुलांना देशाचं चित्र दिसतं.

५. गणितं स्वतः तयार करा

पुस्तकातल्या ‘ॲक्टिव्हिटी ए, बी, सी’वर सराव झाला की एक गणित शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं घाला. मी वर्गात वापरतो तसं एक इथे पूर्ण देतो. दिवस सरावासाठी धरलेले आहेत.

नवीन कास्टिंगची ऑर्डर आली आहे, ग्राहकाला सॅम्पल द्यायचं आहे. ड्रॉइंग तपासून मेथडिंग (ओतायची पद्धत) ठरवायला ३ दिवस. ते झालं की तीन कामं एकाच वेळी सुरू होतात: पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) १२ दिवस, कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा साचा) ८ दिवस, मशिनिंगचं फिक्श्चर (कास्टिंग पकडून ठेवणारं साधन) १५ दिवस. पॅटर्न आणि कोअर बॉक्स दोन्ही तयार झाल्यावर सॅम्पल ओतून फेटलिंग (जादा धातू काढून सफाई) करायला ४ दिवस. सॅम्पल आणि फिक्श्चर दोन्ही हातात आल्यावर मशिनिंग ३ दिवस. शेवटी तपासणी आणि रिपोर्ट २ दिवस.

वाटा तीन निघतात. पॅटर्नवरून २४ दिवस, कोअर बॉक्सवरून २०, फिक्श्चरवरून २३. क्रिटिकल पाथ पॅटर्नचा. कोअर बॉक्सला ४ दिवसांचा फ्लोट (शेवटची तारीख न हलवता चालणारा उशीर), फिक्श्चरला फक्त १. इथपर्यंत सगळे येतात.

आता विचारा: पॅटर्नवाल्याला जास्त पैसे देऊन काम १२ ऐवजी १० दिवसांत करून घेतलं, तर सॅम्पल किती दिवस आधी जाईल? बहुतेक वर्ग म्हणतो दोन. उत्तर एक. कारण पॅटर्नची वाट २२ वर येते, पण फिक्श्चरची २३ तशीच राहते आणि आता तीच क्रिटिकल होते. दुसऱ्या दिवसाचे पैसे वाया. क्रॅशिंगचा (जादा पैसे देऊन वेळ वाचवण्याचा) अख्खा धडा या एका प्रश्नात बसतो.

पर्टही यावरच चालतं. पॅटर्नवाला म्हणतो, ‘सगळं नीट झालं तर १०, एरवी १२, कारागीर गावाला गेला तर २०.’ दहा, अधिक बाराची चौपट, अधिक वीस, भागिले सहा: १३. म्हणजे ग्राहकाला २४ नव्हे, २५ दिवस सांगायला हवेत. पर्ट १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमातून आलं हे सांगायचं तर या जागी सांगा, आधी सांगून उपयोग नाही.

चॅटजीपीटीकडून अशी गणितं बनवून घेणारे शिक्षक वाढलेत. गोष्ट रचायला हरकत नाही, पण फ्लोटचे आकडे पेनाने तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नका.

रिस्क रजिस्टरसाठी तर पंचगंगा पुरेशी आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ‘ट्रिगर’ (काय दिसलं की हालचाल करायची) हा रकाना कसा भरायचा ते याहून स्वच्छ सांगता येत नाही. पाणी ३९ वर गेलं की कच्चा माल कुठे हलवायचा, कुणी हलवायचा, ४३ वर गेलं की डिस्पॅच कोणत्या रस्त्याने? २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, तेव्हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. मुलांनी ‘रिस्क: पूर, उपाय: काळजी घेणे’ असं लिहून आणलं तर तो कागद परत करा.

६. सॉफ्टवेअर आणि नमुने

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टचं लायसन्स लॅबमध्ये नसेल तर अडत नाही. प्रोजेक्टलिब्रे आणि गँटप्रोजेक्ट ही दोन्ही फुकट आहेत, एकदा इन्स्टॉल केली की इंटरनेट लागत नाही. वरचं फाउंड्रीचं गणित हाताने सोडवून झाल्यावरच मुलांना त्यात घालायला लावा. साप्ताहिक सुट्टी घातल्यावर २४ दिवसांचे कॅलेंडरवर किती होतात, ते बघून त्यांना धक्का बसतो.

चार्टर, रिस्क लॉग, बैठकीचा वृत्तान्त यांचे कोरे नमुने हवेत तर युरोपियन कमिशनची पीएम स्क्वेअर ही पद्धत आणि तिचे नमुने फुकट मिळतात. आहेत तसे जड आहेत. निम्मे रकाने उडवा. अजाईल (काम छोट्या टप्प्यांत करत, बदल सामावत जाण्याची पद्धत) सिलॅबसमध्ये असेल तर त्यातल्या स्क्रम पद्धतीचं २०२० चं गाइड मुलांना थेट वाचायला द्या, मोजक्या पानांचं आहे. बीसीएला ते लागतंच, बीकॉमला एका तासात उरका.

७. माणसं

पाहुणे व्याख्याते बोलवताना एक धोका असतो. यशस्वी उद्योजक आला की ‘मी कसा घडलो’ सुरू होतं, ते छान असतं पण आपल्या सिलॅबसचं नसतं. स्मॅक किंवा गोशिमासारख्या इथल्या उद्योजकांच्या संघटनांकडे पत्र द्या आणि त्यात नेमकं लिहा: मुलांची संख्या, चाळीस मिनिटं, आणि विषय ‘उशीर झालेलं एक काम आणि त्याची कारणं’. शक्य असेल तर नाव झाकलेलं एखादं जुनं शेड्यूल सोबत आणायला सांगा. मालकापेक्षा प्लॅनिंगचा माणूस किंवा साइट इंजिनिअर बरा. तो रोज तेच करतो.

या जिल्ह्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही वर्गात न येणारी एक जागा म्हणजे साखर कारखाना. हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग सुरू होतं आणि शेवटची तारीख हलत नाही: बॉयलर पेटवायचा आणि ऊस यायला लागायचा. मिल हाउस, बॉयलर, टर्बाइन यांची कामं एकाच वेळी, बाहेरचे ठेकेदार, यायचे राहिलेले सुटे भाग. जून ते ऑक्टोबरच्या सेमिस्टरला हे काम चालू असतं, म्हणजे मुलांना पूर्ण झालेलं नव्हे, चालू प्रोजेक्ट बघायला मिळतं. वर्गात कारखान्याच्या कर्मचाऱ्याचा मुलगा किंवा मुलगी असतेच, परवानगीचं पत्र त्यांच्यामार्फत लवकर पोचतं. भेटीआधी मुलांना तीन प्रश्न लिहून द्या, नाहीतर ती फोटो काढून येतात.

८. सराव, परीक्षा आणि फाइल

विद्यापीठाचे जुने पेपर जमवा आणि प्रश्न मुद्द्यांप्रमाणे त्याच तक्त्यात टाका. प्रकाशकांकडून पाठ्यपुस्तकाबरोबर शिक्षकांसाठी स्लाइड आणि प्रश्नसंच मिळतात. त्यासाठी बहुधा कॉलेजचा ईमेल लागतो, खासगी जीमेलवरून मागितलं की उत्तर येत नाही.

गटाचं प्रोजेक्ट द्याल तर ते खरं आणि लहान असू द्या: विभागाचा एक कार्यक्रम, वसतिगृहातली वह्या-पुस्तकांची अदलाबदल, गल्लीतल्या तरुण मंडळाचं रक्तदान शिबिर. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला वेगळी क्रेडिट आहेत, तिथल्या शिक्षकांशी बोलून तेच काम दोन्हीकडे वापरता येतं का पाहा. गुण चकचकीत अहवालाला देऊ नका. आठवड्याच्या नोंदवहीला द्या: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला. अहवाल विकत मिळतो, पण तोंडी परीक्षेत ‘तुमचा चौथा आठवडा कशाने घसरला’ याचं उत्तर नोंदवही लिहिणाऱ्यालाच येतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवा, कारण पेपरमध्ये ते तसेच येतात. समजावणं मात्र मराठीत करा. अवघड प्रकरणांची दोन पानी मराठी टिपणं स्वतः लिहा, वॉट यांच्या पुस्तकाचं लायसन्स त्याला परवानगी देतंच.

जमवलेलं सगळं ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये, युनिटप्रमाणे ठेवा. सोबत एक शीट: फाइल कोणती, कुठून आली, कधी उतरवली, लायसन्स काय. सरकारी पोर्टलवरच्या निविदा मुदतीनंतर सहज सापडत नाहीत, म्हणून लिंकवर न थांबता पीडीएफ लगेच उतरवा. सेमिस्टर संपलं की मुलांच्या कामातले दोन चांगले आणि एक अर्धवट नमुना, त्यांची परवानगी घेऊन आणि नावं काढून, पुढच्या बॅचसाठी त्याच फोल्डरमध्ये टाका. वर्गात अर्धवट नमुन्यावर मुलं जास्त बोलतात.